पाण्याच्या भावात

टॅक्सी स्टँडवर त्याला लिटरशेठ म्हणत. शेठ म्हणावं असं त्याच्यापाशी काहीही नव्हतं. एक जुनी पांढरी टॅक्सी होती, तिची मागची एक खिडकी वर गेली की खाली यायची नाही, आणि एक तोंड होतं, ते उघडलं की बंद व्हायचं नाही. लिटर मात्र त्याचं स्वतःच्या कमाईचं होतं. जगाच्या पाठीवर कुठल्या देशात पेट्रोल लिटरला काय भावाने मिळतं हे त्याला तोंडपाठ होतं, आणि ते ऐकायची कुणाला हौस आहे का, हा प्रश्न त्याला उभ्या आयुष्यात कधी पडला नाही.

सकाळी गाडी नंबराला लावली की हा बॉनेटला टेकायचा, मोबाईल उघडायचा आणि खाकरायचा. खाकरलं की बाकीचे ड्रायव्हर आपापल्या गाडीची काच पुसायला लागत.

"ऐका. बर्फाच्या देशात काल परत वाढलं. पण त्यांचे पगार बघा! तिथला झाडूवाला आपल्या डॉक्टरइतकं कमावतो. आणि खाली वाळूच्या देशात? पाण्याच्या भावात! पेट्रोल, पाण्याच्या भावात! आणि आपण इथे..."

‘आपण इथे’च्या पुढे शब्द नसायचे. तो नुसता हात झटकायचा, आणि त्या एका झटक्यात रस्ते, सरकार, नगरपालिका, ऊन आणि समोर काच पुसत असलेले चौघे, सगळे केराच्या टोपलीत जायचे.

आता या माणसाने जग किती पाहिलं होतं म्हणाल, तर शहराची हद्द त्याने ओलांडली होती ती भाडं घेऊन, आणि तीही परतीचं भाडं ठरवल्याशिवाय नाही. पण बोलायचा असा की जणू दात घासायला एका देशात जातो आणि चूळ भरायला दुसऱ्या.

स्टँडच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तेवढा त्याला तोंड द्यायचा. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत तो विचारायचा, "लिटरशेठ, तिथे खोलीचं भाडं काय असतं हो?"

"असेल काहीतरी."

"पोरांच्या शाळेची फी?"

"असेल."

"आणि माणूस आजारी पडला तर?"

"पडेल कशाला? अरे, जिथे पेट्रोल स्वस्त, तिथे सगळं स्वस्त. माल कशाने येतो? गाडीने. गाडी कशावर चालते? झालं तर मग."

ही त्याची सगळी विद्या. माणूस सुखी की दुःखी हे त्याला पंपावरच्या आकड्यात वाचता यायचं, आणि ज्याला एवढं वाचता येतं त्याला बाकी काही वाचायची गरज काय? पंक्चरवाला बुडबुडा सापडला की तिथे खडूने खूण करायचा.

पेट्रोल वाचवण्यात मात्र त्याच्यासारखा दुसरा कुणी नव्हता. गिऱ्हाईक घामाने निथळत असलं तरी गाडीतला एसी लागायचा नाही. "बाहेरची हवा घ्या साहेब, तब्येतीला चांगली." आणि ज्यांच्या वाट्याला ती अडकलेली खिडकी यायची ते तब्येतीसकट शिजत यायचे. उतार लागला की हा इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायचा. दवाखान्याचा उतार, पुलाचा उतार, जुन्या बाजाराचा उतार. असे उतार गाठता यावेत म्हणून लांबचा रस्ता घ्यायचा आणि वाचलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त पेट्रोल त्या लांबच्या रस्त्यावर जाळून यायचा. बायकोने हे एकदा त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुला गाडीतलं काय कळतं?" तेव्हापासून तिने तो विषय सोडला आणि त्याच्याकडे बघायची एक नजर कमावली. बिघडलेल्या मिक्सरकडे बघावं तशी ती बघायची.

या दोघांना एकच लेक. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. घरून चालत जायची, चालत यायची, वाटेत भाजी घ्यायची, मैत्रिणीच्या दारात अर्धा तास उभी राहायची. तिच्यासाठी दोन स्थळं आली.

पहिला मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. दोन गल्ल्या सोडून राहायचा, हात काळे आणि बोलणं मऊ. लिटरशेठने त्याला एकच प्रश्न विचारला, "मोटारसायकल ॲव्हरेज काय देते?" तो बिचारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "कधी मोजलं नाही." खेळ खलास.

दुसरा वाळूच्या देशात एका मोठ्या गोदामावर सुपरवायझर. सुट्टीवर आला होता, कडक इस्त्रीत. त्यालाही एकच प्रश्न. तो हसून म्हणाला, "काका, तिथे भाव कोण बघतो? पंपावर उभं राहायचं आणि फुल कर म्हणायचं."

फुल कर! लिटरशेठच्या अंगावर रोमांच उभे राहिले. त्याने जन्मात टाकी फुल केली नव्हती. रोज सकाळी दिवसापुरतं भरायचं, काटा लाल रेघेच्या वर बोटभर सरकला की पुरे. त्या रात्री त्याने बायकोला सांगून टाकलं, "ठरलं." मुलाचा स्वभाव कसा, तिथे घर कुठे, शेजारी कोण, मुलगी दिवसभर करणार काय, हे विचारायचं कुणाला सुचलं असेल तर ते बायकोला, आणि तिला त्याने हात झटकून उत्तर दिलं. लेकीचीही ना नव्हती. लहानपणापासून कानीकपाळी तोच जप ऐकलेला. तिलाही वाटायला लागलं होतं की सुखाचा उगम तिकडेच कुठेतरी जमिनीखाली आहे.

ती गेली, आणि स्टँडवर याची छाती दीड हात फुगली. आता तो मोबाईलवर वाचून सांगत नव्हता. त्याचं माणूस तिथे बसलं होतं! दर रविवारी फोन लागायचा. समोरून ‘बाबा’ ऐकू आलं की याचा प्रश्न तयार.

"काय भाव तिकडे?"

पहिल्या वर्षी ती हसत सांगायची. नंतर नुसती सांगायची. नंतर "तेवढाच आहे, बाबा," म्हणायची. हा खूश होऊन फोन बायकोच्या हातात द्यायचा. बायको विचारायची, जेवलीस का, झोप लागते का, आवाज असा का येतोय? तेवढ्यात हा मागून खुणा करायचा की आटप, फालतू बोलण्यात मिनिटं चाललीत.

तीन वर्षांनी ती महिन्याभरासाठी आली. विमानतळावर हाच घ्यायला गेला. गाडीत बसल्याबरोबर तिने खिडकी खाली केली आणि घर येईपर्यंत तोंड बाहेर काढून बसली, धूळ, धूर सगळं खात. याने आरशातून बघितलं आणि त्याला वाटलं, पोर आता मोठ्या देशाची झाली, तिला आपल्या हवेची गंमत वाटते.

दुसऱ्या दिवसापासून ती चालायला लागली. सकाळी मीठ आणायला गेली. मीठ घरात होतं. दुपारी दोरा आणायला गेली, संध्याकाळी तोच दोरा बदलायला गेली. तिसऱ्या दिवशी तर काही न सांगताच निघाली आणि पुलापलीकडून फिरून आली. पाय भरून यायचे, टाचेला फोड आला, तरी दुसऱ्या दिवशी चप्पल पायात. स्टँडवरून जाताना ती पंक्चरवाल्याशी उभी राहून बोलायची, चष्म्याच्या दुकानात जाऊन जुन्या मालकिणीपाशी बसायची.

लिटरशेठला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फुल टाकीच्या देशातली बाई, आणि गावभर पायी! स्टँडवरचे चौघे काच पुसता पुसता हसताना दिसायचे. त्याने तिला दोनदा गाडीत बसवायला पाहिलं. तिने दोनदा हात हलवला आणि पुढे गेली.

मग तो पंपावरचा दिवस आला. बायकोचा चष्मा मोडला होता, म्हणून तिघं गाडीतून निघाली. बायको पुढे, लेक मागे. वाटेत पंपावर रांग होती, आणि त्याच सकाळी भावही वाढला होता. भाव वाढला की लिटरशेठला चढायची. नंबर आला तेव्हा पाइप हातात धरलेली पंपावरची बाई म्हणाली, "झिरो बघून घ्या." याने झिरो बघितला आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"बघतो, बघतो. बाई, तुमचा दोष नाही. पण माझी ही मुलगी जिथे राहते ना, तिथे पाण्याच्या भावात मिळतं. खोटं वाटत असेल तर हिलाच विचारा. सांग गं, काय भाव आहे?"

"मला माहीत नाही," लेक म्हणाली.

"माहीत नाही काय? तिथे राहतेस ना?"

"राहते. पेट्रोल भरत नाही. तीन वर्षांत एकदाही पंपावर उतरले नाही मी."

"मग दर रविवारी मला सांगत होतीस ते?"

"मोबाईलवर बघून सांगत होते, बाबा. तुम्ही बघता तिथेच."

पंपावरच्या बाईने पाइप काढला, झाकण लावलं आणि ती ऐकत उभी राहिली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. लेकीला आता हॉर्नचं काही पडलेलं नव्हतं.

"तिथे पेट्रोल स्वस्त आहे ना, म्हणून सगळं लांब आहे. दुकान लांब, दवाखाना लांब, माणूस लांब. चालत जायचं म्हटलं तर कडेला पाय ठेवायला जागा नाही, नुसती वाळू आणि गाड्या. आमच्या वस्तीत बस नाही, कारण सगळ्यांकडे गाडी. आमच्याकडे एकच. ती हे सकाळी घेऊन जातात, रात्री घेऊन येतात. मी घरात. खिडकी उघडायची नाही, एसीची हवा जाते. दिवसच्या दिवस मी आवाज काढून बोलायचेच नाही, मग रविवारी तुमचा फोन आला की घसा बसलेला असायचा."

"मग जावईबापूंना सांगायचं, गाडी शिकव, लायसन काढून दे!"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुला कशाला? मी आहे ना."

एवढं म्हणून ती थांबली, आणि मग जे सांगायला ती आली होती ते तिने सांगितलं. "मला परत जायचं नाही."

लिटरशेठच्या तोंडून एकही देश निघाला नाही. त्याने पैसे दिले आणि गाडी काढली. पंपाच्या मीटरचा शेवटचा आकडा बघायला तो त्या दिवशी विसरला.

पण एवढ्याने सुधारेल तर तो लिटरशेठ कसला! घरी आल्यावर त्याने वाद घालायला सुरुवात केली. परत जायचं नाही म्हणजे काय? लोक काय म्हणतील? लोक म्हणजे स्टँडवरचे चौघे आणि एक पंक्चरवाला, पण त्याच्या लेखी तेवढंच जग होतं. तिकडचे पगार बघ. तिकडचे रस्ते बघ. तिकडे वीज जात नाही. घर सगळं थंडगार.

"फ्रीजही थंडगार असतो," बायको मटार सोलता सोलता म्हणाली. "आतला कोबीचा गड्डा खूश आहे का, कधी विचारलंत?"

"तू मध्ये बोलू नकोस. जावयाचंच चुकलं. ‘मी आहे ना’ म्हणे! हे काय बोलणं झालं? बाईमाणसाला साधी गाडी शिकवायला काय जातं?"

बायकोने मटारची परात खाली ठेवली. बरीच वर्षं कमावलेली ती नजर तिने पुरी त्याच्यावर रोखली.

"तुमचं काय गेलं असतं?"

"माझा काय संबंध?"

"दुकानात लागली तेव्हा तिने तुमच्यापाशी हट्ट धरला होता, बाबा मला टॅक्सी शिकवा. तुम्ही बोटांवर मोजलंत, किती लिटर जाईल, किती दिवस जाईल. आणि म्हणालात, फुकट पेट्रोल कुणी जाळायचं? तुला कुठे जायचं असलं तर मी आहे ना. हेच शब्द. जावयाने नवीन काय काढलं? आणि नेलं कुठे होतंत तिला? भाडं त्या बाजूचं असलं तरच पोर गाडीत बसायची. बापाची टॅक्सी, आणि पोर पायी. तुम्ही वाचवलेलं पेट्रोल ती तिकडे तीन वर्षं फेडत बसली."

त्याला राग आला. खरं बोललेलं ऐकून येतो तसला राग, कुठे ठेवावा कळत नाही असा. तो उठला आणि स्टँडवर गेला. बॉनेटला टेकला, खाकरला. चौघांनी फडकी काढली. पंक्चरवाल्याने नेहमीसारखं डिवचलं, "काय मग शेठ, वाळूच्या देशात आज काय भाव?"

"पाण्याच्या..." एवढं बोलून तो अडकला. त्याला एकदम पोरीचा बसलेला घसा आठवला. दर रविवारी तो त्याने ऐकला होता, आणि त्याला वाटलं होतं लाईन खराब आहे. पंक्चरवाला वाट बघत राहिला. लिटरशेठ गाडीत जाऊन बसला आणि भाडं नसतानाच निघून गेला, इंजिन चालू ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लेकीपुढे किल्ली टाकली. "चल," म्हणाला. दुसरं काही म्हणायची अक्कल त्याच्याकडे नव्हती, आणि तिनेही मागितली नाही.

बंद गोदामामागे मोकळं मैदान होतं. तिथे ती स्टिअरिंगला बसली आणि हा आयुष्यात पहिल्यांदा डाव्या सीटवर. शिकवणारा म्हणून तो भिकार होता. तिने क्लच सोडला की गाडी आचके देऊन बंद पडायची, आणि हा ओरडायचा. तिने पुन्हा चालू केली की हा ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबायचा. चौथ्या दिवशी तिने गाडी थांबवून सांगितलं, "बाबा, ओरडायचं असेल तर खाली उतरून ओरडा." तो खाली उतरला, आणि तिने त्याच्याभोवती धुळीत तीन चकरा नीट मारून दाखवल्या. तो मध्ये उभा, तोंडात धूळ, ओरडायला काही उरलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती रस्त्यावर आली. दवाखान्याचा उतार लागला तेव्हा लहानपणापासून मागच्या सीटवरून पाहिलेलं आठवून तिने किल्लीकडे हात नेला. "बंद करू?"

"राहू दे चालू," तो पुढे बघत म्हणाला. मागे बसलेली त्याची बायको खिडकीबाहेर तोंड करून हसली. ती तर म्हणते, तो आवाज तिने ऐकला आणि क्षणभर तिला वाटलं गाडीत दुसराच कुणी बसलाय.

परतीच्या तिकिटाची तारीख येऊन गेली. तिने नवऱ्याला कळवलं होतं. भांडण नव्हतं तिचं त्याच्याशी, तो मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. तिने दोनच गोष्टी मागितल्या. एक तर बस जाते अशा वस्तीत घर घे, नाहीतर माझ्यासाठी एखादी जुनी गाडी घे. लायसन मी घेऊन येते. एवढं केलंस तर पुढच्या विमानाने येते.

यावर तो काय म्हणाला असेल? "घरात दोन दोन गाड्या कशाला? पेट्रोल काय फुकट येतं?"

म्हणजे बघा. जिथे कुणी भाव बघत नाही, उभं राहायचं आणि फुल कर म्हणायचं, तिथला हा गृहस्थ! कद्रू माणसाला तेलाच्या विहिरीत सोडलं तरी तो वर येईल तेव्हा मूठ मिटलेलीच असेल. लेकीने हे घरी सांगितलं तेव्हा बायको कुणाकडे बघत नव्हती, पण लिटरशेठ मात्र पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागला.

लायसन हातात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मोबाईल वाजला. वाळूच्या देशाचा नंबर होता. लेक गाडी पुसायला खाली गेली होती. चष्म्याच्या दुकानाच्या मालकिणीने तिला कामावर परत बोलावलं होतं, आणि आज पहिल्यांदा ती स्वतः गाडी चालवत जाणार होती. दुकानापासून पुढे गाडी हा स्टँडवर नेणार होता.

"बाबा, तुम्हीच समजवा तिला," जावई म्हणाला. आवाज तसाच, कडक इस्त्रीतला. "काय कमी आहे तिला इथे? घरात एसी आहे, फ्रीज भरलेला आहे, बाहेर जायचं असेल तर मी आहे ना. इथलं राहणीमान बघा आणि तिथलं बघा. तुम्ही तर जाणकार माणूस. तुम्हीच म्हणायचात ना, इथे पेट्रोलसुद्धा पाण्याच्या भावात मिळतं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिला वाटलं, आता हा विरघळतोय. जाणकार म्हटलं की तो विरघळायचाच, लग्न असंच तर ठरलं होतं. लिटरशेठने फोन या कानावरून त्या कानावर घेतला. घसा खाकरला.

"जावईबापू," तो म्हणाला, "पाण्याच्या भावात आहे ना? मग प्या."

त्याने फोन ठेवला आणि जिना उतरला, कारण खाली लेक मघापासून हॉर्न वाजवत होती.